उंबरझरच्या सात चुली

१

त्या शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी निसार मुजावरनं कचेरीतलं लोखंडी कपाट उघडलं, उंबरझरची फाईल काढली, लाल फीत सोडली, आणि टेबलावर राख सांडली.

आत कागद नव्हते. नकाशा नव्हता. होती ती फक्त मूठभर राख. करडी, मऊ, मधूनमधून काळे कण असलेली, आणि कागदांच्या जागी कुणीतरी जपून ठेवल्यासारखी.

शिपाई सयाजी दारात उभा होता. त्यानं राखेकडं बघितलं आणि टोपी काढली.

"आली," तो म्हणाला. "उंबरझरची माणसं आली. त्या गावाचा कागुद हितं ठेवू नगासा म्हणून मी कवाधरनं सांगालतो."

एवढं बोलून तो घरी गेला. भुताला भिऊन गेलेल्या माणसाची रजा किरकोळ धरायची की अर्जित, यावर कचेरीत पुढं आठवडाभर मतभेद होते.

कचेरीचं नाव सांगत नाही. कोल्हापुरात कचेऱ्या कमी नाहीत. वाचकांनी आपल्याला जिचा राग असेल ती धरावी. साल चौऱ्याहत्तर. लोकसभेच्या मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं ठरत होत्या. लोकसभेचा मतदारसंघ म्हणजे दिल्लीत एक खुर्ची असते आणि तिच्याखाली काही तालुक्यांची जमीन असते. खुर्ची हलत नाही. जमीन मात्र दर दहा-बारा वर्षांनी हलते.

उंबरझर हे शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पलीकडं डोंगरात, बरोबर रेघेवर बसलेलं गाव. पहिल्या निवडणुकीला ते आपल्या मतदारसंघात होतं. मग कुणीतरी वर बसून शिसपेन फिरवली आणि ते शेजारच्यात गेलं. पुढच्या वेळी परत आलं. गाव या सगळ्या काळात जागचं हललं नव्हतं. हललं ते एकदाच, सदुसष्टच्या भूकंपात. छपरं बसली, झरा आटला, आणि सात घरांतली माणसं बोचकी बांधून वाट फुटेल तिकडं गेली. मतदारयादीत मात्र ती तशीच राहिली. एकूण त्रेचाळीस. छप्पर नसलेल्या गावात राहणारे त्रेचाळीस मतदार.

आता सर्कल इन्स्पेक्टरनं अहवाल दिला होता : गाव ओसाड, नावं वगळावीत. तो मान्य झाला की उंबरझरचं नाव कागदावरून जाणार होतं, शिवार पलीकडच्या गावाला जोडलं जाणार होतं आणि मतदारसंघाची रेघ डोंगराच्या कड्यावरून खाली ओढ्यावर येणार होती. सोमवारी अकरा वाजता हद्दींच्या हरकती ऐकायला मोठे साहेब येणार होते. कड्यावरची जुनी रेघ दाखवणारा कापडावरचा नकाशा एकच होता, आणि तो त्या फायलीत होता.

अव्वल कारकून गणपतरावांनी राखेवर फुंकर मारली आणि निसारला सांगितलं, "सोमवारी अकराला साहेबांच्या टेबलावर फाईल न्हाई, तर खुर्चीवर तूबी न्हाईस."

निसारची नोकरी आठ महिन्यांची होती, कच्ची होती, आणि चार वर्षं वाट बघून मिळालेली होती. घरात बायको सातव्या महिन्यात होती. कपाटाची किल्ली एकट्या निसारकडं असायची.

त्यानं पेन खिशाला लावलं. बोटांना राख होती. धुतली तरी नखातून गेली नाही.

२

निसारचे सासरे लालासाब शिकलगार उचगावात राहत. चौतीस वर्षं त्यांनी मोजणीदार म्हणून साखळी ओढली होती. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांचे बांध त्यांनी सरळ केले. स्वतःच्या चार गुंठ्यांचा बांध शेजाऱ्यानं दोन हात खाल्ला होता, तो मात्र त्यांना निवृत्तीनंतरही सरळ करता आला नव्हता.

शनिवारी सकाळी ते कचेरीत आले. गणपतरावांनी विरोध केला नाही. जावयाला बुडताना बघायला सासरा येत असेल तर येऊ दे, असा त्यांचा चेहरा होता.

"किल्ली कुठं हुती?" लालासाबांनी निसारला विचारलं.

"माझ्याकडं."

"नमाजला गेलतास तवा?"

"खिशात."

तेवढ्यात पाणी भरणारी तानामावशी आली. साठीची, बुटकी, डोक्यावरून पदर. तिनं दोघांपुढं पेले ठेवले, कोपऱ्यातल्या माठात कळशी ओतली आणि गेली. कचेरीत ती सात वर्षं येत होती. एरवी तिच्याशी होणारं बोलणं "मावशी, पाणी" एवढंच होतं.

लालासाब पाणी प्यायले. मग त्यांनी किल्ली मागून घेतली आणि वास घेतला.

"खिशातल्या किल्लीला तंबाखूचा न्हाईतर घामाचा वास येतोय. हिला वल्ल्या मातीचा येतोय. आणि गंजल्या बी. खरं सांग, पोरा."

निसारनं मान खाली घातली. "माठाखाली ठेवतो, अब्बा. पण कुणाला सांगू नका, गुन्हा होतो."

"कुणाकुणाला ठाऊक हाय?"

"तसं... सगळ्यांनाच."

कोल्हापूरची गुपितं अशीच असतात. ती सगळ्यांना ठाऊक असतात, आणि जपतातही सगळेच.

लालासाबांनी फायलीचं रिकामं पुठ्ठ्याचं आवरण उचललं. "फीत कशी बांधलेली हुती?"

"घट्ट. निरगाठ. सोडताना नख मोडलं माझं."

"हां," लालासाब म्हणाले. मग चिमूटभर राख तळहातावर चोळली. काळे कण बोटानं वेगळे केले आणि खिडकीच्या उजेडात धरले. "हे बघ. तूस हाय, भाताचं. हितं आपल्याकडं चुलीत शेणी घालत्यात, उसाची चिपाडं घालत्यात. तूस जळतंय ते भाताच्या मुलखात. ही राख वरची हाय. शाहूवाडीकडची."

निसार राखेपासून दोन पावलं मागं सरला. उंबरझर शाहूवाडीत होतं, आणि उंबरझरात चूल पेटवायला कुणी नव्हतं.

टेबलावर त्याचा जेवणाचा डबा होता. लालासाबांनी सवयीनं झाकण उघडलं. आत चार हिरव्या मिरच्या.

"आमच्या जुलेखानं दुपारच्याला मिरच्या दिल्यात व्हय रं?"

"न्हाई. ती तानामावशीला रोज थोडं कालवण पाठवते. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घासून देते, आणि आत कायतरी टाकते. कधी मिरच्या, कधी चिंच. किती सांगितलं तरी ऐकत न्हाई."

लालासाबांनी झाकण लावलं. बाहेर वाऱ्यानं दार आपटलं आणि टेबलावरची राख, कुणी फुंकर न मारता, हळूहळू कपाटाच्या दिशेनं सरकली.

३

गणपतरावांचा भाचा बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसला होता. बसून बसून त्याला कचेरीतली निसारची खुर्ची स्वप्नात दिसायला लागली होती. ही गोष्ट गणपतराव लपवत नसत.

"मला फाईल चोरायची गरज काय?" ते लालासाबांना म्हणाले. "जावई तुमचा आपसूकच जातोय. आज न्हाई तर उद्या. मी कशाला मेहनत घेऊ?"

कारण पटण्यासारखं होतं. गणपतरावांनी मेहनत घेतल्याचा पुरावा सरकारदरबारी कुठंच नव्हता.

"फाईल शेवटची कवा उघडली?"

"बुधवारी. रुजवात केली. निसार नक्कल वाचत होता, मी मूळ धरून बसलो होतो. त्रेचाळीस नावं, आणि दर नावापुढं 'वगळावे'. दार सताड उघडं. उकडत होतं."

"मोठ्यानं वाचत हुता?"

"रुजवात मनात करत्यात व्हय? आवाज चौकापर्यंत गेला असेल." गणपतराव थांबले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "एक सांगू का, लालासाब? वाचता वाचता मलाच कसंतरी झालं. नाव, वगळावे. नाव, वगळावे. जेवणावळीत पानं उचलत जावी तसं."

सर्कल इन्स्पेक्टर जोतीराम बाहेर पायरीवर बसला होता. तिशीतला, कडक इस्त्रीचा, आणि काल बातमी ऐकल्यापासून झोपला नव्हता.

लालासाब त्याच्या शेजारी टेकले. "अहवाल तू लिवलास. कुठं बसून?"

"जागेवर जाऊन."

"जोतीराम, मी चौतीस वर्षं जागेवर जाऊन अहवाल लिवल्यात. जागेवर लिवलेल्या कागदाला चहाचा गोल डाग नसतोय. आवरणाला तुझ्या कागदाचा डाग उतरलाय."

जोतीरामनं बुटावरची धूळ रुमालानं पुसली.

"मलकापूरच्या हॉटेलात लिहिला," तो म्हणाला. "पण गेलो होतो. देवाशपथ गेलो होतो. रविवार होता. खिंडीतनं वर चढलो, समोर गाव. एकाही भिंतीवर छप्पर न्हाई. आणि..."

"आणि?"

"धूर. सात घरांतनं सात धूर. सरळ वर चाललेले. भाकरीचा वास येत होता. मी हाक मारली. कुणी न्हाई. एका घरात शिरलो, तर चूल पेटलेली, तव्यावर भाकरी. माणूस न्हाई. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्यात शिरायला पाय होईनात." त्यानं घाम पुसला. "मी शास्त्र शाखेचा पदवीधर आहे, चाचा. सरकारला काय लिहू? नसलेले लोक स्वयंपाक करत आहेत? म्हणून लिहिलं, गाव ओसाड, चूल आढळली न्हाई."

लालासाब उठले. दारातून आत दिसणाऱ्या माठाजवळ तानामावशी रिकामी कळशी घेऊन उभी होती. तिनं पदर सावरला आणि निघून गेली.

"निसार," लालासाब म्हणाले, "उद्या रविवार हाय. पयल्या गाडीनं जाऊ."

"कुठं?"

"जितं भाकरी चालल्यात तितं."

४

मलकापुरात एस.टी. सोडून दोघं दोन तास चढले. खिंड ओलांडली तेव्हा उन्हं डोक्यावर होती. वारा नव्हता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

समोर उंबरझर होतं. सात घरांच्या कंबरभर भिंती. चौकटी जागच्या जागी, दारं नाहीत. एका अंगणात तुळस होती आणि तिला पाणी घातलेलं होतं, माती अजून काळी दिसत होती.

आणि धूर. जोतीरामनं सांगितल्यासारखेच, सात.

"अब्बा, परत जाऊ," निसार म्हणाला. "नोकरी गेली तर गेली."

लालासाब पहिल्या घरात शिरले. आभाळाखाली एक सारवलेली चूल, तीत निखारे, बाजूला तुसाचं टोपलं. तव्यावर बोटभर लहान भाकरी फुगत होती. दुसऱ्या घरात तसंच. तिसऱ्यात, चौथ्यात. प्रत्येक चुलीपुढं एक पाट मांडलेला, आणि पाटावर कुणी नाही. निसारला वाटलं, आपण आत पाऊल टाकायच्या आधी क्षणभर इथं माणसं होती. आपल्याला बघून उठली आणि भिंतीत गेली. त्यानं भिंतीला हात लावला. दगड ऊबदार होता. ऊन होतं म्हणून असेल. असेल.

सातव्या घराच्या मागं काहीतरी हललं.

निसारनं सासऱ्यांचा दंड धरला. लालासाब मात्र एका जोत्यावर बसले, टोपी काढून घाम पुसला, आणि रिकाम्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले :

"ताना, बाहेर ये. आमी सरकार न्हाई. आमाला तहान लागल्या."

५

भिंतीमागून तानामावशी आली. हातात तांब्या होता. तिनं आधी पाणी दिलं. मगच विचारलं, "कसं वळकलासा, पावणं?"

"तू मला सांगितलंस," लालासाब म्हणाले.

"मी तर तोंडबी उघडलं न्हाई."

"गाठीनं सांगितलं." ते निसारकडं वळले. "कारकून फितीला सुरगाठ मारतोय. एका वढीत सुटली पायजे, कारण फाईल त्येला दिवसातनं दहा येळा सोडायची असत्या. जोतीराम, सयाजी, गणपतराव, सगळी सुरगाठवाली. निरगाठ मारतंय ते बोचकं बांधणारं माणूस. घर सोडून निघालेलं. हे एक. दुसरं, राख. सयाजी म्हणतोय भूत, गणपतराव म्हणतोय धमकी. मी बी रातभर त्येच धरून बसलतो. राख का ठेवली? कुणाला भ्या घालायला? मग सकाळी आठवल्या त्या मिरच्या."

"मिरच्या?" निसार म्हणाला.

"तुझा डबा ती रिकामा का देत न्हाई?"

"रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून."

"मग रिकामी फाईल कशी ठेवंल?"

निसार तिच्याकडं बघत राहिला. तानामावशीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, लाजल्यासारखं.

"आतलं सगळं काढलं," ती म्हणाली, "आणि त्यो पुठ्ठा हातात आला रिकामा. कसा ठेवायचा, बाबा? कुणाच्या घरातनं काय आणलं तर भांड्यात दाणा तरी घालतो आपण. पर जवळ काय न्हवतं. पदराला हितल्या चुलीचा अंगारा बांधलेला. म्हटलं, ह्योच घे. तू भ्यालास व्हय रं?"

"भ्यालो," निसार म्हणाला.

"मला काय ठावं, कचेरीतली माणसं राखंला भित्यात म्हणून."

"आणि वाचायला येत नसताना दोनशे फायलींतली हीच कशी कळली?"

"तूच वाचलास की, बुधवारी." तिचा आवाज बदलला नाही, पण तिनं निसारकडं बघायचं थांबवलं. "मी माठ भरालतो. माझ्या दिराचं नाव घेतलास. माझ्या पोराचं घेतलास, त्यो हिचलकरंजीला मागावर असतोय. मग वाचलास, ताना कोंडिबा झोरे, वगळावे. माझ्या हातात कळशी हुती. म्हटलं, मी हितं हुबी हाय, आणि ह्यो मला वगळालाय. मग कंच्या कपाटात, कंच्या खणात ठेवलास त्ये बघितलं. शुक्रवारी तू गेल्यावर माठाखालची किल्ली घेतली. कागुद कळशीत घातलं, वरनं फडकं."

लालासाबांनी सात धुरांकडं बोट केलं. "आणि ह्ये?"

"दर आयतवारी येतो मी, आदल्या सांजच्या गाडीनं. कचेरीला सुट्टी असत्या. आदी सगळी येत हुती, पाळीपाळीनं. आमच्या पाटलानं जाताना सांगितलेलं, चूल इझली की गाव गेलं, सरकार चुली मोजतंय. मग कोण म्हातारं झालं, कोण मेलं, कोणाला सुट्टी घावंना. ऱ्हायलो मी." तिनं एका चुलीत तूस टाकलं. "एका घरात पेटवायची, मग दुसऱ्या. सातवी पेटंतवर पयली इझाय लागत्या. पळावं लागतंय."

"मग जोतीराम आला तवा लपलीस कशाला?"

"खाकी पिशवी बघितली. वाटलं जंगलखात्याचा. दंड करतोय."

एक माणूस भूत समजून पळाला आणि एक माणूस जंगलखातं समजून लपलं, आणि दोघांच्या मधल्या जागेत एक गाव मतदारसंघातून नाहीसं व्हायला निघालं होतं.

"चला," तानामावशी म्हणाली, "एक दावतो."

उंबराखाली दगडांच्या बेचक्यातून करंगळीएवढं पाणी येत होतं. लालासाबांनी बोट लावलं. थंडगार होतं.

"दोन वर्सं झाली. झरा परत आलाय. माणसं आली न्हाईत. मी सांगतो तर खोटं वाटतंय त्यास्नी. आणखी एक पावसाळा ग्येला की येतील. पर तवर गावाचं नाव ऱ्हायला पायजे न्हवं? नाव गेल्यावर कुठं येतील?"

तिनं चुलीमागच्या कोनाड्यातून फडकं काढलं. आत कागद होते, कापडावरचा नकाशा होता, एकाही घडीला धक्का नव्हता. ते तिनं निसारच्या हातात दिलं.

"घिऊन जा. तुझी नोकरी जाईल असं मला न्हवतं वाटलं. वाटलं कागुद गेला तर वगळायचं ऱ्हाईल. परवा गणपतराव म्हणालं, पोरगं गेलं कामातनं. तवाधरनं जेवण गोड लागंना."

परतताना निसारनं खिंडीतून मागं वळून बघितलं. आता धूर सहाच होते. मग सातवा हळूच वर आला.

६

सोमवारी अकराला साहेब आले. सभ्य गृहस्थ होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून इतक्या रेघा बघून आले होते की समोरच्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा त्यांना हद्दीसारख्या दिसत असाव्यात.

फाईल टेबलावर होती. पण गणपतरावांनी शुक्रवारीच गहाळ झाल्याचा लेखी अहवाल वर पाठवला होता, आणि सरकारात हरवलेली वस्तू सापडली तरी हरवल्याचा कागद सापडत राहतो.

"मग ही होती कुठं?" साहेबांनी विचारलं.

"कारकुनाचा हलगर्जीपणा, साहेब," गणपतराव म्हणाले. "कच्चा माणूस. कमी करावा अशी शिफारस आहे."

"मी नेलती," दाराजवळून तानामावशी म्हणाली.

खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. गणपतरावांना तर कळेचना, पाणी ठेवायला आलेली बाई वाक्य कशी बोलते.

साहेबांनी चष्मा लावला. "तुम्ही? का?"

तिनं सांगितलं. किल्ली, कळशी, राख, सगळं. किल्ली माठाखाली ठेवायची रीत कुणाची, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "गणपतरावांची. कपाट त्यांच्याकडं हुतं तवापासनं. मलाच सांगायचे, मावशी, माठ उचलताना किल्ली सांडू नगा." गणपतरावांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"जबाब घ्यावा लागेल," साहेब म्हणाले. "लिहा. नाव?"

"ताना कोंडिबा झोरे."

"गाव?"

"उंबरझर."

गणपतरावांचं पेन थांबलं. त्यांनी साहेबांकडं बघितलं, साहेबांनी समोरच्या अहवालाकडं. जोतीराम भिंतीला टेकला.

आता लालासाब पुढं झाले. हरकतदार म्हणून त्यांनी सकाळी रीतसर अर्ज टाकला होता. "साहेब, एक मोजणी चुकल्या. तेवढी दाखवतो. सर्कल म्हणतोय, उंबरझरात कुणी न्हाई. ही म्हणत्या, मी उंबरझरची, मी फाईल नेली. दोन्ही खरं हुईत न्हाई. कुणी न्हाई म्हणालासा तर चोर न्हाई. चोर धरलासा तर गाव हाय."

साहेबांनी फायलीवर बोटं वाजवली. हुशार माणूस होता, त्याला तिसरी वाट लगेच दिसली. अशा माणसांना ती नेहमीच दिसते.

"बाईंचं वय झालं आहे," ते मवाळपणे म्हणाले. "हरवलेली नस्ती मिळाली आहे. त्यांच्यावर कशाला ठपका? जबाब नको. मूळ शिफारसीप्रमाणे कारकुनाच्या हलगर्जीपणात प्रकरण बंद करू. बाई, तुम्ही घरी जा. तुम्हाला कुणी काही करणार नाही."

निसारनं डोळे मिटले. तानामावशी मात्र हलली नाही.

"न्हाई साहेब. चोरी मी केल्या. लिवा."

"अगं सोडायलेत तुला!" गणपतराव कळवळून म्हणाले. "जा की!"

"सोडू नगा. त्या पोरानं काय केलं न्हाई. बुधवारी मला वगळलासा, मी ऐकून घेतलं. आज चोरी केली तरी वगळतासा व्हय? मग मी हाय कशात?"

बाहेर कुणीतरी पाणी मागत होतं, आणि ते द्यायला कुणी नव्हतं.

"बाई," साहेब म्हणाले, "लिहिलं तर काम जाईल तुमचं. पोलिसांतही द्यावं लागेल कदाचित."

"द्या की. पर नाव निस्तं न्हाई, गावबी लिवा. नीट अक्षरात."

गणपतरावांनी पेन खाली ठेवलं होतं. ते साहेबांनी उचललं आणि स्वतः लिहिलं. ताना कोंडिबा झोरे, वय साठ, मुक्काम उंबरझर, तालुका शाहूवाडी. तिनं अंगठा उठवला. त्याच्याखाली नियमाप्रमाणे त्यांनी 'माझ्यासमक्ष' लिहून सही केली, आणि सही वाळेपर्यंत ती तशीच बघत राहिले. हद्दी ठरवायला आलेल्या माणसानं आपल्या हातानं एक गाव वस्तीचं असल्याचं लिहून दिलं होतं, आणि ते खोडायला त्यांच्यापेक्षा मोठा साहेब लागणार होता.

मग त्यांनी बाकीचं भराभर उरकलं. कारकुनाविरुद्धची शिफारस रद्द. सर्कलचा अहवाल फेरपाहणीला परत. तोवर नावं वगळू नयेत, रेघ कड्यावर आहे तशी ठेवावी. पोलिसांचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. काम मात्र गेलं, ते त्यांना वाचवता आलं नाही, किंवा तिनं वाचवू दिलं नाही.

निसार दारापर्यंत तिच्याबरोबर गेला. त्याला बोलायचं होतं, पण ऐन वेळी सुचेल तो माणूस कारकून कसला? त्यानं नुसती तिची कळशी उचलली. तिनं ती त्याच्या हातून काढून घेतली.

"बाई," साहेबांनी आतून हाक मारली. "आता जाल कुठं?"

ती उंबऱ्यात थांबली. असल्या प्रश्नाचं तिला नवल वाटलं असावं.

"आत्ताच लिवलासा न्हवं, साहेब?" ती म्हणाली, आणि अकरा-पन्नासची मलकापूर गाडी गाठायला पायऱ्या उतरली.